धावणारं कुत्रं आणि खणणारं कुत्रं : माळव्यापासून मुधोळपर्यंत

बेटम्याचं नाव इतिहासाच्या पुस्तकांत येतं ते भोजराजाच्या ताम्रपटामुळे. विक्रम संवत् १०७६, म्हणजे इ.स. १०२० सालचा हा ताम्रपट कोकण जिंकल्याच्या निमित्तानं दिलेल्या दानाचा आहे. इंदूरहून धारकडे जाताना लागणारं हे गाव हजार वर्षांपूर्वी कोकणाशी असं कागदानं, खरं तर तांब्यानं, जोडलं गेलं. आपल्याकडे इतिहास मोजायची हीच रीत आहे : दान कोणाला, कोणी दिलं, शिक्का कोणाचा.

या लेखाचा विषय मात्र असा आहे की ज्याचा ताम्रपट होत नाही. शिकारी कुत्री, त्यांची पैदास आणि त्यांच्याकडून काम करून घेणारी माणसं. विलायतेत यावर कपाटं भरतील एवढी पुस्तकं आहेत. आपल्याकडे राजांच्या शिकारीचे फोटो भिंतीवर आहेत, पण पायाशी बसलेल्या कुत्र्याचं नाव, गाव, वंश कुठं लिहिलेला नसतो. जिथं लिहिलेला आहे, तिथं तो नेमका कोणाच्या नावावर लिहिला गेला हे बघण्यासारखं आहे.

दोन कामं, दोन बांधे

शिकारी कुत्र्यांचे प्रकार पुष्कळ, पण पायी हिंडून पोट भरणाऱ्या शिकाऱ्याला मुख्यतः दोन कुत्री लागतात. एक धावणारं, एक खणणारं.

धावणारं कुत्रं नजरेनं शिकार करतं. ससा दिसला की सुटतं. त्याचा सगळा देह वेगासाठी घडलेला असतो : लांबट डोकं, खोल छाती, आत ओढलेलं पोट, लांब पाय, कमानदार कंबर. भरधाव पळताना एका उडीच्या चक्रात त्याचे चारही पाय दोनदा जमिनीपासून सुटतात. एकदा अंग पूर्ण ताणलेलं असताना आणि एकदा आखडलेलं असताना. म्हणूनच ग्रेहाउंड तासाला साठ किलोमीटरच्या वर जातं. पण हा वेग थोड्या वेळाचा. ससा झुडपात शिरला आणि दिसेनासा झाला की असं कुत्रं बावचळतं.

खणणारं कुत्रं याच्या उलट. बुटकं, घट्ट, अरुंद छातीचं आणि हट्टी. त्याचं काम बिळाशी किंवा थेट बिळात. इंग्रजीत त्याला टेरियर म्हणतात. तो शब्दच जमिनीवाचक लॅटिन ‘टेरा’ वरून आला. विलायतेतले जाणकार टेरियर घेताना छातीमागे दोन्ही हातांची पकड लावून बघतात. बोटं जुळली तर कुत्रं कोल्ह्याच्या बिळात जाईल, नाही जुळली तर अडकेल. केवढी सोपी आणि नेमकी परीक्षा! जॅक रसेल नावाची जात आपल्याकडेही आता माहीत झाली आहे. ती डेव्हनच्या जॉन रसेल नावाच्या पाद्र्याच्या नावानं ओळखली जाते. त्यानं १८१९ मध्ये ‘ट्रम्प’ नावाची एक टेरियर कुत्री विकत घेतली, तिथपासून ही कथा सुरू होते.

या दोघांच्या मधलं एक कुत्रं आहे, लर्चर. ही जात नाही, हा संकर आहे. ग्रेहाउंडसारख्या वेगवान कुत्र्याचा मेंढपाळाच्या कॉलीशी किंवा एखाद्या टेरियरशी केलेला. कॉलीकडून अक्कल आणि दम घ्यायचा, टेरियरकडून जिगर आणि काट्याकुट्यात घुसायची तयारी, ग्रेहाउंडकडून वेग. वेग कमी पडला तर पुढच्या पिढीत पुन्हा ग्रेहाउंड लावायचं. मात्र संकराला संकर लावला तर पिल्लं एकसारखी निघत नाहीत. एक आजोबांवर जातं, दुसरं आजीवर. म्हणून लर्चरची ‘जात’ कधी बनली नाही आणि बनवायची कोणाला गरजही नव्हती. कामाला आलं ते चांगलं, एवढीच कसोटी.

लर्चर का निर्माण झालं, याला कायद्याचीही एक बाजू आहे. इंग्लंडमध्ये १३८९ च्या सुमाराचा कायदा सांगत होता की वर्षाला चाळीस शिलिंग उत्पन्नाची जमीन नसलेल्या सामान्य माणसानं शिकारी कुत्रं पाळू नये. राजाच्या जंगलाजवळच्या मोठ्या कुत्र्यांच्या पुढच्या पायाची तीन नखं छाटायची पद्धत होती, म्हणजे ती हरणामागे धावूच नयेत. अशा देशात गरीब माणूस आणि भटके जिप्सी उघडउघड ग्रेहाउंड कसं पाळणार? मग दिसायला मेंढपाळाचं पण धावायला ग्रेहाउंडसारखं कुत्रं सोयीचं ठरलं. थोडक्यात, कुत्र्याचा बांधा जमीन ठरवते, पण ते कोणाच्या दारात बांधलेलं असावं हे सत्ता ठरवते. आपल्याकडची गोष्टही याच दोन धाग्यांची आहे.

माळव्याची जमीन

बेटम्याच्या आसपासचा माळवा म्हणजे काळ्या मातीचं उघडं पठार. पीक निघाल्यावर लांबवर नजर जाते. असा मुलूख नजरेनं शिकार करणाऱ्या कुत्र्याचा. दक्षिणेला मांडूकडे सरकलं की विंध्याचा उतार, दऱ्या आणि झाडी लागते. तिथं नजरेपेक्षा नाक आणि आवाज कामाचे. भिल्लांची शिकार हाक्याची आणि तीरकमठ्याची, तिथं लांब पायांच्या कुत्र्याला धावायला मोकळी जागा कुठली?

होळकरांचं कुलदैवत खंडोबा आणि खंडोबाबरोबर कुत्रा असतोच. जेजुरीचे वाघ्ये स्वतःला देवाचे कुत्रे म्हणवतात. म्हणजे महाराष्ट्रातून माळव्यात आलेल्या मराठी घरांना कुत्रा अगदीच परका नव्हता, निदान देवघरात तरी. सरदार-राजांच्या शिकारीची खूण म्हणजे इंदूरजवळचं राळामंडल. टेकडीवर होळकरांचं शिकारगाह होतं, आज त्या टेकडीचं अभयारण्य आहे (१९८९). शिकारगाह उरलं, त्याची इमारत जपली गेली. शिकारीत राबलेली माणसं आणि जनावरं मात्र कुठं नोंदलेली नाहीत. आज केनेल क्लबच्या याद्यांत रामपूरचं नाव लागलेलं हाउंड आहे, राजपालयमचं आहे, मुधोळचं आहे. माळव्याच्या नावाचं एकही नाही.

कारवानी आणि पश्मी

मराठी मुलखातलं धावणारं कुत्रं म्हणजे कारवानी. बारीक केसांचं, खांद्यापाशी साधारण ७० सेंटिमीटर उंच, हाडं मोजता येतील असं. अनोळखी माणसाला ते उपाशी वाटतं. त्याचंच कानांवर, पायांवर आणि शेपटीवर लांब रेशमी केस असलेलं रूप म्हणजे पश्मी. ‘पश्म’ म्हणजे फारसीत लोकर. मराठवाड्यात, विशेषतः लातूर-नांदेड भागात आणि खाली दक्षिण महाराष्ट्रापासून विजापूर-बागलकोटपर्यंत ही कुत्री गावागावांत होती आणि आहेत.

‘कारवानी’ हे नाव कारवानांवरून, व्यापारी तांड्यांवरून पडलं असं सांगतात. अरबस्तान, इराण, अफगाणिस्तान इकडची सलुकी-ताजी कुत्री सैन्य आणि तांड्यांबरोबर दख्खनेत आली आणि इथल्या कुत्र्यांत मिसळली, अशी परंपरा आहे. बांध्यातलं साम्य बघितलं तर हे पटण्यासारखं आहे. पण म्हणून शिकारी कुत्र्यांचं ज्ञान बाहेरून आलं असं समजायचं कारण नाही. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वर तिसऱ्यानं बाराव्या शतकात लिहिलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये ‘सारमेयविनोद’ आहे, म्हणजे कुत्र्यांबरोबरची शिकार. आणि कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, लातूरच्या शेजारचंच.

तांड्यांचा विषय निघाला म्हणून माळव्याची एक गोष्ट जोडतो. १८७० मध्ये तुकोजीराव होळकर दुसरे यांनी इंग्रजांना रेल्वेसाठी एक कोटी रुपयांचं कर्ज दिलं आणि खांडवा-इंदूर मार्ग झाला. आपण हे होळकरांच्या दूरदृष्टीचं उदाहरण म्हणून सांगतो आणि ते बरोबरच आहे. पण मीठ आणि धान्य बैलांवर लादून नेणाऱ्या बंजाऱ्यांचा धंदा देशभर मोडला तो रेल्वेनंच. तांडा थांबला की तांड्याबरोबर चालणारं, रात्री राखण करणारं आणि वाटेत ससा पकडून देणारं कुत्रंही थांबतं. रेल्वेच्या इतिहासात हा हिशेब कुठं मांडलेला नसतो.

हळगलीचे बेडर, मुधोळचे राजे

कारवानीला जगभर नाव मिळालं ते मुधोळमुळे. मुधोळ हे घोरपड्यांचं मराठी संस्थान, आज कर्नाटकच्या बागलकोट जिल्ह्यात. घोरपडीच्या साहाय्यानं किल्ला सर केला म्हणून बहामनी काळात हे नाव मिळालं, अशी त्या घराण्याची परंपरा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मालोजीराव घोरपडे या राजांनी आपल्या मुलखातल्या बेडरांकडे असलेली शिकारी कुत्री पाहिली, त्यातली निवडून पैदास सुरू केली. पुढं इंग्लंडात पंचम जॉर्ज बादशहांना त्यांनी एक जोडी भेट दिली आणि ‘मुधोळ हाउंड’ हे नाव तिथं पडलं, असं सांगतात.

इथं थोडं थांबायला हवं. बेडर, म्हणजे मराठीत ज्यांना आपण बेरड किंवा रामोशांच्या जवळचे म्हणून ओळखतो, ते शिकार आणि शिपाईगिरीवर जगणारे लोक. १८५७ मध्ये इंग्रजांनी हत्यारं जमा करण्याचा कायदा लावला तेव्हा मुधोळ संस्थानातल्या हळगली गावच्या बेडरांनी हत्यारं द्यायला नकार दिला. इंग्रज फौजेनं गाव जाळून बंड मोडलं. कानडी मुलखात हळगलीचं बंड आजही गायलं जातं.

आता या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहा. ज्यांच्या हातातली हत्यारं १८५७ मध्ये काढून घेतली, त्यांच्याच जातभाईंच्या दारातली कुत्री पुढच्या दोन पिढ्यांत राजवाड्यात गेली आणि तिथून बादशहाकडे. मालोजीरावांचं श्रेय कमी करायचं नाही. त्यांनी लक्ष घातलं नसतं तर ही कुत्री विरून गेली असती हे खरंच आहे. पण त्यांच्या हाती आलं ते तयार कुत्रं होतं. तसं बनायला ज्या पिढ्या लागल्या, त्यांत कुठली कुत्री कोणाला लावायची हे बेडरांनी ठरवलं होतं. नाव मात्र संस्थानाचं लागलं.

पुढचा प्रवास सगळ्यांना माहीत आहे. २००५ साली टपाल खात्यानं चार देशी कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यात मुधोळ होतं. मुधोळजवळ तिम्मापूरला श्वान संशोधन केंद्र झालं. मेरठच्या लष्करी केंद्रात मुधोळची पिल्लं प्रशिक्षणाला गेली. २०२० च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये नाव घेतलं. आणि गंमत अशी की देशातल्या एका केनेल संस्थेच्या वहीत हेच कुत्रं ‘कॅरव्हान हाउंड’ आहे, तर दुसरीच्या वहीत ‘मुधोळ हाउंड’. एक नाव तांड्याचं, एक राजधानीचं.

ज्याला नाव मिळालं नाही ते खणणारं कुत्रं

धावणाऱ्या कुत्र्याला निदान राजा भेटला. खणणाऱ्याला कोणीच नाही. मग आपल्याकडे टेरियरचं काम करणारी कुत्री नव्हतीच का? होती, आणि याचा पुरावा इतिहासात नाही तर मानवशास्त्रात सापडतो.

इंदापूर तालुक्यात वडापुरी नावाचं गाव आहे. तिथल्या तिरुमल नंदीवाल्यांचा कैलाश मल्होत्रा यांनी अनेक वर्षं अभ्यास केला. १९८३ मध्ये मल्होत्रा, खोमणे आणि माधव गाडगीळ यांनी महाराष्ट्रातल्या तीन भटक्या समाजांच्या शिकारीच्या पद्धतींवर एक लेख लिहिला : नंदीवाले, फासेपारधी आणि वैदू. तिघेही एकाच मुलखात फिरणारे. पण तिघांनी जणू वाटणी करून घेतली होती. फासेपारधी फासे लावून हरणं, तितर, लावे धरायचे. वैदूंच्या वाट्याला मुंगूस, मांजरवर्गातली लहान जनावरं, खारी, कासवं. आणि नंदीवाले कुत्री घेऊन रानडुक्कर, साळिंदर आणि घोरपडीच्या मागे.

साळिंदर आणि घोरपड दोन्ही बिळातली जनावरं. म्हणजे विलायतेत टेरियर जे काम करतो, बीळ हुडकायचं, आत जनावर आहे की नाही ते सांगायचं, बाहेर आलं की अडवायचं, तेच काम इथं. साळिंदराचे काटे अंगात घुसतात, रानडुक्कर सुळ्यानं पोट फाडतं. तेव्हा या कामाला नुसतं चिवट कुत्रं पुरत नाही. कुठं मागं सरायचं हे कळणारं लागतं. तरीही या कुत्र्यांना जातीचं नाव नाही, मापं नाहीत, तिकीट नाही. बाकी सगळ्यांनी त्यांना ‘गावठी’ म्हणून सोडून दिलं. लर्चर आणि टेरियर यांची आपल्याकडची खरी भावंडं हीच.

त्या लेखातली मला महत्त्वाची वाटते ती वाटणी. एकमेकांच्या शिकारीवर ताण न आणता तीन समाज एकाच रानावर जगत होते. कोणतं कुत्रं पाळायचं, किंवा पाळायचंच नाही, हा त्या व्यवस्थेचा भाग होता. अशा अनेक भटक्या जमातींवर १८७१ च्या कायद्यानं गुन्हेगार असा शिक्का मारला. तो १९५२ मध्ये कागदावरून निघाला, लोकांच्या मनातून अजून निघायचाय.

छावणीतलं ‘बाप रे’

इंग्रजांनीही आपली कुत्री आणली. १८१८ च्या मंदसोर तहानंतर बेटम्यापासून जवळच महूची छावणी बसली. हिंदुस्थानभर अशा छावण्यांत तरुण अधिकाऱ्यांचा एक खेळ होता : मिळतील ती कुत्री, ग्रेहाउंड, टेरियर, बाजारातली गावठी, सगळी एकत्र करून कोल्ह्यामागे घोडे टाकायचे. या मिसळ कळपाला ‘बॉबरी पॅक’ म्हणत. ‘हॉब्सन-जॉब्सन’ या १८८६ च्या प्रसिद्ध कोशात ‘बॉबरी’ म्हणजे गोंगाट, आणि तो शब्द आला आपल्या ‘बाप रे!’ वरून. उटकमंड आणि पुणे-खडकीला विलायती पद्धतीचे रीतसर हाउंडांचे कळप होते. बाकी बऱ्याच ठिकाणी हे ‘बाप रे’च. इंग्रज टेरियरांची इथल्या उन्हात आणि गोचिडतापात दैना व्हायची, पण मिसळलेली पिल्लं तगायची. छावण्यांच्या आसपासच्या वस्त्यांत आजही एखादं आखूड पायांचं, दाढीवालं गावठी कुत्रं दिसलं तर त्यामागे हा इतिहास असू शकतो.

काम आणि कागद

पैदाशीचं शास्त्र थोडक्यात सांगायचं तर असं. कुत्री साधारण ६३ दिवसांनी विते. शिकाऱ्याच्या घरी निवड आपोआप होते : जी कुत्री काम करते तिचीच पिल्लं लोक मागतात, जी घाबरते किंवा परत येत नाही तिची कोणी मागत नाही. इथं वंशावळ तोंडी असते, पण आईबापांचं काम दहा जणांनी बघितलेलं असतं. बाहेरचं चांगलं कुत्रं आलं तर रक्त मिसळायला हरकत नसते.

केनेल क्लबच्या पद्धतीत वही बंद असते. नोंदलेल्या कुत्र्यालाच नोंदलेलं लावायचं. त्यामुळं रूप एकसारखं टिकतं, जात ओळखता येते, हा फायदा. तोटा असा की मूळ कुत्री थोडी असली तर काही पिढ्यांत सगळी एकमेकांची नातलग होतात आणि दडलेले रोग वर येतात. शिवाय निवड होते ती प्रदर्शनाच्या रिंगणात, शेतात नाही. मग मान किती लांब, शेपटी कशी याला भाव, आणि दम, पाय, अक्कल कोण तपासणार?

१९७२ नंतर

या सगळ्याला वळण मिळालं वन्यजीव संरक्षण कायद्यानं. १९७२ चा हा कायदा आणि त्यातली १९९१ ची दुरुस्ती यांनी आपल्याकडे शिकार जवळपास पूर्ण बंद केली. शिकारीच्या व्याख्येत मारणं, फासे लावणं, हाका घालणं तर आहेच, पण कुत्री सोडून जनावराचा पाठलाग करणंही आहे. म्हणजे कारवानीनं ससा धरला तर तो गुन्हा. इंग्लंडात कुत्र्यांनी शिकार करण्यावर बंदी आली ती त्यानंतर तीस वर्षांनी, २००४ च्या कायद्यानं.

ही बंदी योग्य आहे, यात आडवळण नको. आपल्याच शेजारच्या धार जिल्ह्यात सरदारपूरला आणि रतलामच्या सैलान्याला १९८३ पासून खरमोराची, मराठीत ज्याला तणमोर म्हणतात त्याची, अभयारण्यं आहेत. तणमोर पावसाळ्यात गवतात जमिनीवर अंडी घालतो. उरलेत थोडे, आणि मोकाट कुत्री हा त्यांना मोठा धोका. तेव्हा ‘जुनी परंपरा’ म्हणून कोणी कारवानी घेऊन माळावर ससे धरायला निघत असेल तर तो वारसा नव्हे.

पण बंदीचा दुसरा परिणामही नोंदवायला हवा. राजांची शिकार बंद झाली तेव्हा त्यांची शिकारगाहं अभयारण्यं झाली, कुत्र्यांच्या जातींना सरकारी केंद्रं मिळाली. नंदीवाल्या-बेडरांची शिकार बंद झाली तेव्हा त्यांना काही मिळालं नाही. शिकारीबरोबर त्यांचं ज्ञानही गुन्ह्याच्या खात्यात गेलं. त्याबद्दल आता ते बोलायलाही कचरतात, आणि ते साहजिक आहे. दुसरीकडं तिकिटावरचं कुत्रं बघून शहरात लोक कारवानीची पिल्लं घेतात, फ्लॅटमध्ये बांधतात. धावायला न मिळालेलं हे कुत्रं सोफे फाडतं, मांजरामागे सुटतं, आणि मग रस्त्यावर सोडून दिलं जातं.

आपण काय जपायचं

कुत्र्याची जात ही वाड्यासारखी वस्तू नाही. ती रोज नव्यानं बनते, कोण कशासाठी निवडतो त्यावर. शिकार गेली तरी धावण्याची गुणवत्ता तपासायचे मार्ग आहेत. कृत्रिम सशामागे धावण्याच्या स्पर्धा जगभर होतात, शोधकार्य, राखण आहे. हे काम जातिवंत कुत्री पाळणाऱ्यांचं.

इतिहासाच्या मंडळांचं काम वेगळं. मुधोळच्या राजानं कुत्री जगवली, हे लिहून झालंय. ती कोणी घडवली हे लिहायचं राहिलंय. बेटमा, देपालपूर, धार, मानपूर या पट्ट्यातल्या म्हाताऱ्या माणसांना अजून गावातल्या शिकारी कुत्र्यांची नावं आठवतात. कुठून पिल्लं यायची, कोणत्या तांड्याची कुत्री नावाजलेली होती, बिळापाशी कुत्रं कसं भुंकायचं आणि त्यावरून आत काय आहे ते कसं ओळखायचं. मराठीत, माळवीत, भिलीत यासाठी जे शब्द आहेत ते कुठल्याच कोशात नाहीत. हे उतरवून घेताना सांगणाऱ्याचं नाव-गाव उघड करायची गरज नाही. त्याला त्रास होणार नाही ही जबाबदारी लिहिणाऱ्याची. जुन्या फोटोंत कुत्रं दिसत असेल तर फोटोमागे सालाबरोबर त्याचंही नाव लिहून ठेवावं, आणि त्याची साखळी धरून उभ्या असलेल्या माणसाचं तर आधी.